देवाला नवं दार द्या, पण कमान नको

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा. शिव्या द्यायच्या असतील तरी पूर्ण वाचून द्या, एवढीच विनंती.

नांदेड-लातूर पट्ट्यात सध्या कुठल्याही गावात जा, जीर्णोद्धार चालू आहे. वर्गणी जमली, आमदार निधी आला, समिती झाली, अध्यक्ष-सचिव ठरले. आता पहिलं काम काय? कमान. आरसीसीचे दोन जाडजूड खांब, वर पीओपीचे सिंह, बाजूला दोन हत्ती, सगळ्यावर सोनेरी ऑइलपेंट आणि खाली ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं. देवाचं नाव वर असतं, पण अक्षरं खालच्या नावांची मोठी. आणि त्या कमानीच्या मागं, बिचारं अंग चोरून, आठशे वर्षांचं काळ्या दगडाचं देऊळ. त्याच्या पाच पायऱ्या जशाच्या तशा. त्याचा गुडघाभर उंबरठा जसाच्या तसा. कमान व्हायच्या आधी ज्या माणसाला आत जाता येत नव्हतं, त्याला कमान झाल्यावरही जाता येत नाही. मग लाखो रुपये घालून तुम्ही नेमकं कुणासाठी दार बांधलं?

दुसऱ्या बाजूला आमचे वारसाप्रेमी मित्र. त्यांच्यात मीही बसतो उठतो, त्यामुळं हे त्यांनाही लागू. ते म्हणायलेत, "एक चिरा हलवू नका. मूळ रूप म्हणजे मूळ रूप." छान आहे. पण मूळ रूपात व्हीलचेअर नव्हती म्हणून आजही ती बाहेरच थांबवायची, हा कुठला न्याय? कमानवाले आणि चिरावाले एकमेकांशी भांडतात, पेपरात निवेदनं देतात, आणि ज्याला आत जायचंय तो माणूस त्या भांडणात कुठंच नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या देवळाला, जुन्या चर्चला, दर्ग्याला, कुठल्याही जुन्या प्रार्थनेच्या जागेला नवं प्रवेशद्वार करायला काहीच हरकत नाही. उलट करायलाच पाहिजे. पण ते पायऱ्या न चढू शकणाऱ्या माणसासाठी असावं, जुन्या वास्तूला शोभेल असं असावं, आणि उद्या काढायचं ठरलं तर दगडाला ओरखडा न पडता काढता यावं. या तिन्ही अटी पाळणारं काम आपल्याकडं कुणी मागतच नाही, म्हणून होत नाही.

आपली जुनी देवळं कशी आहेत ते बघा. निलंग्याचं नीलकंठेश्वर घ्या, देगलूर तालुक्यातली होट्टलची देवळं घ्या. आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, पण यातली बरीचशी कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली, हेमाद्रीपंत जन्मायच्या आधीची. देऊळ जमिनीवर नसतं, जगतीवर असतं, म्हणजे दगडी चौथऱ्यावर. मग मुखमंडप, मग सभामंडप, मग अंतराळ, मग गाभारा. प्रत्येक ठिकाणी उंबरठा. बांधणाऱ्यानं तो मुद्दाम उंच ठेवला, देवापुढं वाकून, पाय उचलून, भान ठेवून आत यावं म्हणून. त्या कारागिराबद्दल मला आदरच आहे. पण ज्याला पाय उचलताच येत नाही त्यानं काय करावं, हा प्रश्न त्याच्यापुढं नव्हता. आपल्यापुढं आहे.

आणि ही माणसं थोडी आहेत का? २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यात गुडघे गेलेली म्हातारी माणसं धरलेली नाहीत, लकवा मारल्यावर काठीवर आलेली नाहीत, सातव्या महिन्यातली बाई नाही. आणि लातूर-धाराशिवकरांना तर मी हे सांगायची गरजच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ते आकडे आपल्याला पाठ आहेत. पण जी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली आणि ज्यांचा पाय, कंबर, मणका कायमचा गेला, त्यांचं काय? तेव्हा तिशीत असलेला माणूस आज साठीत आहे. ज्या दगडांच्या भिंतींनी त्याला अपंग केलं, त्याच दगडाच्या पायऱ्यांपुढं तो आज उभा आहे. चुकलो, बसून आहे.

माझ्या मावशीचं सांगतो. बरीच वर्षं झाली, ती चाकाच्या खुर्चीत आहे. आमच्याच भागातल्या एका देवस्थानात तिला घेऊन गेलो होतो, नाव घेत नाही. स्वयंसेवक पोरं फार चांगली होती, खरंच. "काकू, काळजी करू नका, उचलून नेतो" म्हणाली. चौघांनी खुर्ची उचलली, लोक बाजूला झाले, दोघा-तिघांनी मोबाईल काढले. परत येताना मावशी एवढंच बोलली, "देवाला नेत होतास, का माझी वरात काढत होतास?" त्यानंतर ती कुठल्याही देवळात आली नाही. नंतर मी त्या समितीतल्या एकाला रॅम्पबद्दल विचारलं, तर म्हणाला, मागून वाट आहे की, चपलांच्या स्टँडकडून, कचऱ्याची गाडी जाते तिथून. आता ही वाट सपाट आहे, मान्य. पण सपाट आहे म्हणून ती प्रवेशद्वार होत नाही. लग्नाच्या पंगतीत कुणाला स्वयंपाकघराच्या दारातून बोलावलं तर तो जेवून जाईल का?

इथं कुणीतरी म्हणणार, "अहो, भाव महत्त्वाचा. बाहेरूनच हात जोडले तरी देवाला पोचतं." बाहेरूनच हात जोडा, हे या महाराष्ट्रानं कुणाकुणाला सांगितलंय ते जरा आठवा. पंढरपुरात नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, महाद्वाराच्या बाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी त्याच पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कुठं विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत, हे मला कळतं. तिथं माणसांनी ठरवून माणसांना अडवलं होतं, इथं दगड अडवतोय. पण दगड हलवायचा नाही, पर्यायही द्यायचा नाही, हे तर माणसंच ठरवायलेत ना? "पायरीनं राहा" हा वाक्प्रचार आपल्याच भाषेत आहे, आणि तो कुणाला ऐकवला जायचा हेही आपल्याला माहीत आहे.

आता कायद्याचं बोलू. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या दिलीय, तिच्यात धार्मिक कारणासाठी वापरल्या जाणाऱ्या जागाही येतात. सरकारी असो की खाजगी. म्हणजे "आमचं ट्रस्टचं देऊळ आहे, आम्हाला लागू नाही" हे चालत नाही. नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला तिथून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रातुरी खटल्यात केंद्र सरकारला सांगितलं की हे निकष नुसते सल्ले म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा. आपल्या किती समित्यांना हे माहीत आहे? लाऊडस्पीकरची परवानगी कशी काढायची हे मात्र प्रत्येकाला पाठ.

वारसाप्रेमी लगेच दुसरा कायदा काढतील. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामबंदी, पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. बरोबर आहे, आणि तो कायदा असलाच पाहिजे, नाहीतर आपल्या लोकांनी लेण्यातसुद्धा टाइल्स बसवल्या असत्या. पण त्याचा अर्थ रॅम्प करताच येत नाही असा होत नाही. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले होते. त्यांना जुन्या वास्तू बघायच्या होत्या. अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनी रेटा लावला आणि कुतुबमिनारसारख्या ठिकाणी लाकडी रॅम्प टाकले गेले. तात्पुरते. एक दगड फुटला नाही, एक शिलालेख पुसला नाही. जगातला मोठा शास्त्रज्ञ आला की जे चार दिवसांत होतं, ते कंधारच्या किल्ल्यावर, औशाच्या किल्ल्यावर सहलीला आलेल्या पोलिओ झालेल्या पोरीसाठी का होत नाही? नियम आडवा येत नाही. येणारी व्यक्ती मोठी नसते, एवढंच.

मोठ्या व्यक्तीवरून आठवलं. मोठ्या देवस्थानांत दुसरी वाट नसते असं मला कुणी सांगू नका. व्हीआयपीसाठी असते. मंत्री आले की रांग टाळून, पायऱ्या टाळून, कुठलं तरी बाजूचं दार अलगद उघडतं. तिथं कुणाला वारसा आठवत नाही, मूळ रूप आठवत नाही. म्हणजे बाजूनं दार काढता येतं, हे सिद्धच झालं. फक्त ते चुकीच्या माणसासाठी काढलंय.

आणि जुन्या वास्तूला नंतर दार जोडणं हे काही पाप नाही, आपल्या पूर्वजांनी ते सारखं केलंय. तुळजापूरचंच बघा. भवानीच्या देवळात निंबाळकर दरवाजा आहे. नावच सांगतं की देवीचं स्थान आधी आणि दरवाजा नंतर कुणा सरदारानं बांधलेला. आज तो आपल्याला मूळचाच वाटतो, कारण बांधणाऱ्यानं दगड बघून दगड लावला, उंची बघून उंची ठेवली, देवळाच्या वरचढ व्हायचा प्रयत्न केला नाही. आपल्या वाड्यांना मोठ्या दरवाजातच छोटा दिंडी दरवाजा असायचा, रोजच्या येण्या-जाण्याला. नांदेडकरांना तर सांगायला नको, अमृतसरच्या दरबार साहिबला चार दिशांना चार दारं आहेत आणि त्याचा अर्थ काय, हे आपल्या शहरात लहान पोरगंही सांगेल. आणि आमच्या लातूरची गंजगोलाई! १९१७ ची ती गोल इमारत, मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती सोळा रस्ते येऊन मिळतात. सोळा. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसानं देवी मध्ये ठेवून सगळीकडून वाट ठेवली, आणि आज आपल्याला एका देवळाला दुसरी वाट सुचत नाही.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते देवळासारखंच प्रकरण आहे. लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल. ख्रिस्तोफर रेननं बांधलेलं, तीनशे वर्षांपूर्वीचं, राजघराण्याची लग्नं होतात तिथलं. समोर भव्य पायऱ्या. त्या पायऱ्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. मग त्यांनी काय केलं? उत्तर बाजूच्या दाराला त्याच जातीचा दगड वापरून कायमचा रॅम्प केला, २०२२ मध्ये तो खुला झाला. समोरचा देखावा जसाच्या तसा. आणि गंमत म्हणजे त्या रॅम्पवरून फक्त व्हीलचेअरवाले जात नाहीत, बाबागाडी घेऊन आई जाते, म्हातारे जातात, धडधाकटही जातात. वेगळी वाट असून वेगळेपणा नाही. आपल्याकडच्या जुन्या दगडी चर्चना हाच कित्ता सरळ गिरवता येईल. समोरचा दरवाजा आणि घंटेचा मनोरा अजिबात न छेडता बाजूच्या भिंतीतलं दार वापरायचं. बऱ्याच चर्चना बाजूला एक दार असतंच, नुसतं कुलूप लावून पुढं जुन्या खुर्च्या रचलेल्या असतात.

आता तुम्ही म्हणाल, बोलणं सोपं आहे, करायचं कसं? तर गणित अवघड नाही. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो, एकास बारा. सात इंचाच्या पाच पायऱ्या म्हणजे पस्तीस इंच, तीन फुटाला जरा कमी. म्हणजे पस्तीस फूट उतार, आणि मध्ये वळायला पाच फुटांची सपाट जागा. तो एका रेषेत नको, दोन पट्ट्यांत दुमडला की देवळाच्या बाजूला वीसेक फुटांत बसतो. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना कठडा. दार निदान तीन फूट मोकळं. उंबरठा तोडायचा नाही, त्यावरून लाकडाचा किंवा दगडाचा छोटा उतार दोन्हीकडून ठेवायचा, हवा तेव्हा उचलता येईल असा. बहुतेक सभामंडपांना बाजूंना अर्ध्या भिंती असतात, कुठं आधीचंच बाजूचं दार बुजवलेलं असतं. ते आधी शोधा. नवं भोक पाडण्याआधी जुनं भोक मोकळं करा.

आणि महत्त्वाचं, रॅम्प जगतीला चिकटवायचा नाही. त्याचा पाया त्याचा स्वतंत्र, मध्ये वीतभर फट. जुन्या दगडात बोल्ट मारायचा नाही, सिमेंट भरायचं नाही. जुनं काम चुन्याचं असतं, चुना श्वास घेतो. सिमेंट घेत नाही, ओल आत कोंडते आणि दगड सोलायला लागतो. ऑइलपेंटचंही तेच, आणि रंग काढायला म्हणून सँडब्लास्टिंग केलं तर शिल्पाचं नाकडोळं त्या वाळूबरोबरच उडतं. नवं काम नवं आहे हे दिसलं पाहिजे, जुन्याची खोटी नक्कल नको. खोट्या कीर्तिमुखापेक्षा साधा, नीट घडवलेला काळा दगड बरा. पण ते नवं काम ओरडलंही नाही पाहिजे. घरात नवी सून आल्यावर ती पहिल्याच दिवशी सासूच्या फोटोवर स्वतःचा फोटो लावत नाही, तसं.

"काढता येईल असं" यावर मी एवढा जोर का देतोय, तर पंढरपूर बघा. विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या जतनाचा साधारण ७३ कोटींचा आराखडा झाला. १५ मार्च २०२४ पासून अडीच महिने पदस्पर्श दर्शन बंद ठेवून काम केलं, २ जूनला पुन्हा सुरू झालं. कामात मोठा भाग कशाचा होता? काढण्याचा. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या मंडळींनी भक्तिभावानं बसवलेल्या फरश्या, ग्रॅनाइट, चढवलेले थर काढायचे आणि खालचा मूळ दगड मोकळा करायचा. म्हणजे एका पिढीनं देणगी देऊन लावायचं आणि पुढच्या पिढीनं कोट्यवधी देऊन उतरवायचं. तुमच्या गावची सोनेरी कमान याच रांगेत आहे. नातवंडं ती फोडण्यासाठी वर्गणी काढतील.

मी हे सगळं आत्ता का लिहितोय? कारण पैसा आत्ता येतोय. तुळजापूरच्या विकास आराखड्याला मान्यता मिळालीय, आकडा अठराशे कोटींच्या वरचा. माहूरला रेणुकामातेच्या गडावर लिफ्ट आणि स्कायवॉकचं भूमिपूजन झालंय. त्याला माझा विरोध नाही. माहूरच्या पायऱ्या ज्यानं आजीला धरून चढल्यात त्याला लिफ्टची किंमत कळते. प्रश्न पुढचा आहे. लिफ्टनं वर गेलात, आणि शेवटच्या वीस फुटांचं काय? तुळजापूरला तर उलटं, देवी खाली आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरत जावं लागतं. उतरणं गुडघ्याला चढण्यापेक्षा वाईट, हे कुठल्याही म्हातारीला विचारा. अठराशे कोटींत पार्किंग असेल, दर्शन मंडप असेल, रोषणाई तर असणारच. रस्त्यापासून देवीसमोर उभं राहीपर्यंत एक अखंड, बिनपायऱ्यांची, समोरून जाणारी वाट आहे का, हे मला नकाशावर बोट ठेवून दाखवा. नंतर बघू, हे उत्तर नको. आपल्याकडं नंतर म्हणजे एक लोखंडी पत्रा टाकतात, एवढा उभा की त्यावरून मोटारसायकल चढेल, माणूस नाही.

खर्चाचं रडगाणं कुणी गाऊ नये. ज्या समितीला कमानीला पैसे मिळतात तिला चाळीस फूट उताराला मिळत नाहीत, हे कोण मानेल? अडचण पैशाची नाही. रॅम्पवर नाव कोरायला जागा नसते, अडचण ती आहे. तर माझा एक तोडगा आहे, आणि मी गंभीरपणे सांगतोय. कोरा नाव. कठड्याला पितळी पट्टी लावा आणि ज्यानं पैसे दिले त्याचं नाव घाला. रोज शंभर हात त्या नावावरून फिरतील. कमानीवरचं नाव कोण वाचतं?

आता काम. येत्या आठवड्यात तुमच्या गावच्या जुन्या देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात जाल तेव्हा टेप घेऊन जा. पायऱ्या किती, एक पायरी किती इंच, उंबरठा किती उंच, दार किती रुंद, बाजूला मोकळी जागा किती, बुजवलेलं दार कुठं आहे. फोटोसह इथं टाका, देवस्थानाचं नाव टाका, कुणाला शिव्या न देता टाका. तीसेक ठिकाणांची मापं जमली की मी एकत्र करतो आणि आपण धर्मादाय कार्यालयात आणि पुरातत्त्व विभागात घेऊन जाऊ. सोबत येणाऱ्यांनी सांगा. मावशीला विचारलंय, ती यायला तयार आहे. फक्त म्हणाली, "आधी त्या ऑफिसला पायऱ्या किती आहेत ते बघून ये."